गुणवंतीबाईंची विशेषणं

दहावीच्या धड्यात 'ग्रीडी' हा शब्द आला, की गुणवंतीबाई पुस्तक मिटून ठेवायच्या. आता तास संपेपर्यंत धडा पुढे सरकत नाही, हे पोरांनाही ठाऊक असायचं. बाई खडू उचलायच्या आणि फळ्यावर एकाखाली एक इंग्रजी शब्द लिहायच्या. ग्रीडी, व्होरेशस, कव्हेटस, ॲव्हरिशस, ग्रास्पिंग. गाईडात या सगळ्यांपुढे एकच मराठी शब्द छापलेला, 'लोभी'. त्या गाईडवाल्यावर बाईंचा भारी राग.

"लोभी म्हणे! मग पापलेट, बांगडा, मांदेली, सगळ्याला नुसतं मासा म्हणा की! चालेल तुमच्या आईला बाजारात?"

पोरं खो खो हसायची. निम्मी दर्याकाठची, निम्मी वरच्या गावांतली. बाई मात्र हसत नसत. "ग्रीडी म्हणजे हावरट. पानात तुकडी असते, तरी डोळा टोपात. वाट्याहून जास्त पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. व्होरेशस म्हणजे अधाशी. हा पोटाचा शब्द. सुकत घातलेल्या मासळीवर कावळे तुटून पडतात, तसा. त्याच्या मनात पाप नसतं, भूक असते. कव्हेटसचं पोट भरलेलं असतं, पण शेजारणीच्या गळ्यातली सर बघून त्याला चैन पडत नाही. ॲव्हरिशसला काही वापरायचं नसतं, नुसतं साठवायचं असतं. आणि ग्रास्पिंग," इथे बाई हात पुढे करून मूठ आवळायच्या, "याच्या मुठीत एकदा काही आलं, की मूठ उघडत नाही. आतलं मेलं तरी उघडत नाही."

एका वर्षी राही नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, चांगली हाव नसतेच का?"

"असते ना. ॲव्हिड. आपण असोशी म्हणतो, ती. एखाद्याला वाचायची असोशी, एखाद्याला पोहायची." मग बाईंनी आणखी एक शब्द लिहिला, विस्टफुल. "आणि हा, ज्याला काहीतरी फार हवं असतं आणि मिळणार नाही हेही कळून चुकलेलं असतं, त्याचा." एवढं बोलून त्यांनी तो एक शब्द लगेच पुसला. वही काढेपर्यंत फळा रिकामा झाला म्हणून पोरं कुरकुरली.

शाळेत त्या बाई होत्या. वाडीत मात्र ती खंडू खारव्याची गुणी. आपणही गुणीच म्हणू, कारण तिचं जे काय झालं ते घरातच झालं.

रत्नागिरीपासून एसटीनं तासभर गेलं, की रस्ता उतरून खाडीच्या तोंडाशी खारव्यांची वाडी लागते. तिथल्या रीतीप्रमाणे घरात मोठा मासा कापला, की मधल्या तुकड्या दर्यावर जाणाऱ्या पुरुषांच्या. पोटाकडच्या पोरांना. डोकं आणि शेपटी बायकांना. त्यात अन्याय आहे असं कुणाला वाटायचंच नाही. दर्यावर जीव कोण घालतो? मग मधली तुकडी त्याची. गुणी शेपटी चोखत चोखत कंदिलाखाली शिकली, रत्नागिरीला जाऊन बी.ए., बी.एड. झाली. वाडीतली पहिली मास्तरीण! पगार सुरू झाला त्याच साली खंडूनं शिडाची होडी काढून मशीनची लाँच घेतली. मागे उभा राहिला तो तिचा पगार, हे खंडू चारचौघांत सांगायचा. तेवढा सरळ होता तो माणूस.

"सांग गो बाय, तुला काय पायजे?" त्यानं विचारलं. पाटल्या माग म्हणून आई मागून डोळ्यांनी खुणावत होती.

गुणी म्हणाली, "लाँचला माझं नाव द्या."

झालं! इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. पाटल्या मागितल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. वाडीतल्या होड्यांना देवांची नावं, नाहीतर मेलेल्या आज्या-पणज्यांची. जित्या, बिनलग्नाच्या पोरीचं नाव होडीला कुणी देत नसे. का देत नसे, हेही कुणी सांगत नसे. म्हाताऱ्या नुसत्या माना हलवत. पण लेकीच्या कौतुकात बापानं कुणाचं ऐकलं नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी केरू पेंटर आला आणि नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांना लाल अक्षरांत 'गुणवंती' असं लिहून भोवती झेंडूची वेल काढून गेला. गुणी तासभर वाळूत बसून ते बघत राहिली. कधी नाही ते काहीतरी तिनं मागितलं होतं आणि ते तिला मिळालं होतं. हौस होती हो ती, निव्वळ हौस!

त्या हंगामात बांगडा असा लागला, की भारानं लाँच पाण्यात ठरेना. आईनं किनाऱ्यावर सगळ्यांदेखत लेकीची दृष्ट काढली. "माज्या पोरीचा पायगुण! लाँचीची लक्ष्मी ती."

लक्ष्मी म्हटल्यावर गुणीला काय वाईट वाटायचंय? तिला बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी बुरोंडीहून स्थळ आलं. चांगलं होतं. माणसं पोहे खात बसली होती आणि नेमकी तेव्हाच, वाऱ्यावादळाचं नाव नसताना, लाँचचं मशीन भर दर्यात बंद पडलं. दुसऱ्या लाँचनं ओढून आणावी लागली. मशीनला डिझेलातला कचरा बाधला होता, हे मेकॅनिकनं हातात धरून दाखवलं. पण आईनं कचऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "लक्ष्मी उंबऱ्याभायेर पाय काढतेय, मग लाँच कशी चालंल?" बुरोंडीवाल्यांना निरोप गेला, यंदा करायचं नाही.

यंदा करायचं नाही! त्यानंतर सगळी सालं यंदाच निघाली. एका मुलाचा रंग काळा, दुसऱ्याची आई कजाग, तिसऱ्याचं घर लांब. खरं कारण आई चुलीपाशी सुनेच्या कानात सांगायची आणि गुणी पडवीत वह्या तपासताना ऐकायची. नाव परक्या घरात गेलं, की मासळीही नावामागे जाणार. मधे खंडू वारला. मरताना लेकीचा हात धरून म्हणाला, "तुजा राहूनच गेला गो." मग भाऊ बाबल्या लाँच बघू लागला. बाबल्या वाईट नव्हता, पण आईच्या शब्दाबाहेर जाण्याइतकं त्याला कधी काही हवंच झालं नाही. बहिणीचा पगार घरात येत होता आणि लाँच चालत होती. मग तो कशाला घाई करील?

गुणीनं तोंड वाजवलं नाही. कुढत राहिली, आणि माणसांना शब्द लावायची सवय लागली ती तेव्हापासून. आईला ग्रास्पिंग. वहिनी बकुळेला कव्हेटस, कारण लाँच किनाऱ्याला लागली की बकुळा मासळीच्या आधी ते नाव बघायची आणि नाक मुरडायची. घरधनीण ती, आणि नाव नणंदेचं! बाबल्याला तिनं ग्रीडी म्हणून बघितलं, पण ते त्याला सैल व्हायचं. त्याला हाव नव्हती, नुसती सवय होती. सवयीला इंग्रजीत काही जहाल विशेषण तिला सापडेना. मनातल्या मनात शिव्या घालायचीच ही रीत होती. शिकलेल्या बाईला मराठीतून घालता येत नाहीत, म्हणून इंग्रजीतून.

सत्त्याऐंशी साली हरिश्चंद्र भेटला. जातीतलाच, पण बापाची होडी बुडाल्यावर त्याचं घर दर्या सोडून रत्नागिरीत गेलेलं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. कारखान्याच्या बर्फाच्या कामासाठी आठवड्यातून एकदा वाडीच्या बाजूला यायचा, तेव्हा एसटीत तिच्या शेजारी बसायचा. मऊ बोलायचा. बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. एकदा तो तिच्याबरोबर किनाऱ्यावर आला. लाँच नांगरलेली होती. तो कितीतरी वेळ नाळेकडे बघत उभा राहिला.

"हे तुमचं नाव?"

"हो. माझंच."

"वा!" तो म्हणाला. नुसतं "वा", पण त्याचे डोळे असे काही चमकले, की गुणीच्या अंगावर शहारा आला. इतक्या वर्षांत तिच्या नावाकडे असं कुणी बघितलंच नव्हतं. मग त्यानं मशीन कुठलं, जाळं किती वावाचं, खलाशी किती, सगळं विचारलं. तिनं मनात त्याच्यापुढे लिहून टाकलं, ॲव्हिड. असोशी असलेला माणूस! दुसऱ्या दिवशी एसटीतून शाळेत जाईस्तोवर ती खिडकीबाहेर बघून हसत होती.

त्यानं मागणी घातली. तिशी उलटलेल्या पोरीला घरबसल्या मागणी आली, आणि आईनं कपाळाला हात लावला. "आनि लाँचीचा काय?"

गुणी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "नावाचीच अडचण ना? मग नाव बदला. वैनीचं नाव द्या. लक्ष्मी घरात राहील आणि मी सुटेन."

आईनं आकांत केला. बाबल्या खाली मान घालून जाळ्याचं भोक बघत बसला. आणि बकुळा! बकुळेच्या हातातली पळी आमटीतच राहिली. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं, की त्या रात्रीपुरता तरी बाबल्याला आईपेक्षा दुसऱ्या कुणाचं ऐकावंच लागलं. सकाळी तो म्हणाला, "बदलूया."

आई महिनाभर लेकीशी बोलली नाही. पण पावसात लाँची किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांखाली ठेवल्या होत्या, रंगाचे दिवस होते, केरू पेंटर वाडीत आलेलाच होता. तो पत्र्याचा तुकडा हातात घेऊन गुणीकडे बघत राहिला. "बाई, खरवडू ना?"

"खरवड."

रंगाचे लाल कपचे वाळूत पडत होते. गुणी जवळ उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पण छे! गळ्याचा दोर कुणी सोडावा तसं हलकं वाटत होतं. केरूनं 'बकुळा' लिहिलं, झेंडूची वेल जुनीच ठेवली. बकुळेनं नणंदेला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणून. त्या क्षणी गुणीनं तिला लावलेलं कव्हेटस मनातून पुसून टाकलं. लग्न होऊन जाणाऱ्या माणसाला असं उदार होता येतं.

बोलणी गणपतीपुळ्याला, देवळाबाहेरच्या एका खानावळीत ठरली. देवाच्या साक्षीनं झालेलं बरं. हरिश्चंद्र, त्याची आई आणि मामा. इकडून बाबल्या, आई, गुणी. कुणाला कुणाचं काही नको होतं, सगळं सुतासारखं चाललं होतं. उकडीचे मोदक आले. मामानं मोदक फोडता फोडता सहज विचारलं, "ती लाँच मंजे पोरीच्याच नावाची ना?"

"होती," बाबल्या सरळपणानं म्हणाला. "आता बदलली. आता आमच्या हिच्या नावाची. आनि नाव मंजे नुसतं रंगाचं हो, कागद आधी बापाचे नि आता माजे."

मामाचा हात मोदकावरच थांबला. हरिश्चंद्रानं गुणीकडे बघितलं आणि मग दर्याकडे. पुढचं बोलणं हवापाण्यावर गेलं. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

आता इथं एखादी रडून मोकळी झाली असती. गुणी मिरजोळ्याला गेली. कारखान्याच्या फाटकाबाहेर, सुटीच्या भोंग्याला, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत उभी राहिली. तो बाहेर आला आणि तिला बघून त्याचं तोंड उतरलं.

"खरं सांगा. मला दुसरं काही नको."

त्यानं चप्पल मातीत घासली. मग म्हणाला, "मला वाटलं, लाँच तुमची आहे. माझा बाप बुडाला नाही, होडीच बुडाली. तो नंतर दहा वर्षं बाकावर बसून मेला. मला त्या स्टोअरमधे खिळे मोजत मरायचं नाही हो. मला दर्यावर जायचंय. तुमचं नाव त्या नाळेवर बघितलं आणि..."

"आणि?"

"माफ करा," तो म्हणाला.

एवढं बोलताना त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते तिनं ओळखलं. तिच्याच फळ्यावरचा तो शब्द, विस्टफुल, लगेच पुसलेला. 'ग्रीडी' त्याच्या तोंडावर फेकायचं ठरवून ती आली होती, आणि तो शब्दही तिला फेकता येईना. त्याला लाँच हवी होती. ती म्हणजे त्या लाँचवर कुणीतरी रंगवलेली अक्षरं होती, दुसरं काही नाही. अक्षरं खरवडली, तशी तीही त्याच्या लेखी संपली होती. त्याला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. संताप जिरवायला जागाच उरली नाही.

घरी कुणी काही विचारलं नाही. आई पुन्हा बोलायला लागली, इतकंच. तिच्या बोलण्याला आता गोडी आली होती. "देवाच्या मनात नव्हता गो बाय. आता हितंच राव. कुणी टाकलीय तुला?"

नारळी पौर्णिमा झाली, नारळ दर्याला दिला, लाँची पाण्यात गेल्या. आणि पहिल्याच आठवड्यात सुरमई लागली. अशी लागली, की आधीच्या कुठल्याच साली लागली नसेल. रविवारची सकाळ होती. सारी वाडी किनाऱ्यावर लोटली, पाट्यांवर पाट्या उतरू लागल्या. आईनं पदर खोचला आणि सगळ्यांदेखत बकुळेची दृष्ट काढली. "माज्या सुनेचा पायगुण!"

गुणी पाटी धरून तिथंच उभी होती. तिनं पाटी वाळूत ठेवली.

"आये," ती म्हणाली, "माझं नाव काढल्यावर मासळी जाणार होती ना?"

"कसली मासळी?"

"मी गेल्यावर नावामागे मासळी जाणार होती. म्हणून मला ठेवलीत ना घरात? इतकी वर्षं?"

आई खरंच बुचकळ्यात पडली. ती नाटक करत नव्हती, हेच तर वाईट. म्हातारीला आठवतच नव्हतं. सुरमई शेपटीला धरून पाटीत टाकता टाकता ती हसली. "नावाचा काय गो? कुठलाव नाव चालता. दर्याला काय वाचता येतंय?"

भोवतालच्या बायका हसल्या. बकुळाही हसली. लाँचवर बाबल्या जाळं झटकत होता, त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

"मग कशाला?" गुणीचा आवाज फुटला. "मग कशाला अडवलीत मला? बुरोंडीचं स्थळ, त्यानंतरची सगळी..."

"मी अडवली?" आता आईला राग आला. "तुलाच तुजा नाव पायजे व्हता लाँचीवर! बापाला मी पाटल्या सांगत व्हते. हौस तुजी आनि खापर माज्यावर?"

 ते खरं होतं. हौस तिचीच होती. आयुष्यात एकच केली आणि तीही बापानं विचारलं म्हणून.

तिनं वाट्याला आलेली सुरमई उचलली आणि घरी गेली. विळीवर कापली, मीठ-हळद लावली, तळली. बाबल्या आणि खलाशी दर्यावरून येऊन हातपाय धूत होते. पानं मांडायची होती. गुणीनं त्याआधी आपलं पान वाढलं. भात घेतला, आमटी घेतली आणि टोपातून शोधून शोधून सगळ्यात जाड, मधली तुकडी घेतली. चुलीपाशीच बसली आणि खाऊ लागली. पांढरी, मऊ, एकही काटा नसलेली तुकडी. तिशी उलटली तिची, पण अशी तुकडी तिनं कधी खाल्ली नव्हती. खारट लागली, की तिला रडू येत होतं म्हणून तसं लागलं, तिला कळेना. तिनं दुसरी मधली तुकडी घेतली.

आई पाट घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"अगो, बाप्ये जेवायचे हायेत अजून! मधल्या तुकड्या संपवल्यास? हावरट कुठली!"

गुणीनं वर बघितलं नाही.

"बघितलास गो बकुळा?" आई बाहेर ओरडून सांगू लागली. "एवढी शिकलेली, पन हाव काय सुटत नाय!"

गुणीनं तिसरी तुकडी पानात घेतली.